रोज चालतेय, मग वजन कशाला उचलू?

जुळे सोलापुरातल्या एका ताईंनी विचारलंय: "वय ६१. १२ वर्षं शुगर, ८ वर्षं बीपी आणि दोन्ही गुडघ्यांची झीज. गोळ्या शुगरच्या मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि बीपीची मेटोप्रोलॉल. सकाळी ४० मिनिटं चालते, तरी तीन महिन्यांची शुगर (एचबीए१सी) ७.८ आली. डॉक्टर म्हणाले, स्ट्रेंथ ट्रेनिंग करा. जिममध्ये गेले तर तिथल्या मुलानं पहिल्याच दिवशी ५० बैठका काढायला लावल्या. चार दिवस जिना उतरता आला नाही. शिवाय महिन्यातले आठ-दहा दिवस अंगात त्राणच नसतं, त्यामुळं जे काही सुरू करते ते सुटतं. या वयात हे खरंच जमतं का? गुडघे आणखी झिजणार नाहीत ना? आणि रोज चालतेय, मग वजन कशाला उचलू?"

ताई, जमतं. २४ वर्षं सोलापुरात फिजिओथेरपी करतेय, तुमच्याहून वयानं मोठ्या आणि तुमच्याहून जास्त गोळ्या खाणाऱ्या बायकांना जमलेलं पाहिलंय. पण तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते "सुरू करते ते सुटतं" हे वाक्य. गुडघे, शुगर, बीपी यांची सोय लावता येते. सुटण्याची सोय मात्र कुणी लावून देत नाही. म्हणून उत्तराचा मोठा भाग त्यावरच खर्च करणार आहे, पण आधी चालण्याचा हिशेब.

चालणं सोडू नका. हृदयाला, बीपीला, मनाला ते हवंच आहे. पण तेच मैदान, तोच वेग, तेच अंतर वर्षभर चाललं की पायांचे स्नायू त्याला सरावतात आणि आणखी बळकट होण्याचं कारण त्यांना उरत नाही. हातांना, पाठीला, खांद्यांना तर चालण्यातून फारसं काहीच मिळत नाही. तिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होत जातात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. तुम्ही रोज चालता तरी खुर्चीतून उठताना हात टेकावा लागतो का? लागत असेल तर चालण्यानं झाकून ठेवलेली उणीव ती हीच.

शुगरच्या बाबतीत स्नायू म्हणजे आपलं गोदाम. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेतली मोठी वाटणी स्नायूंत जाऊन पडते. गोदाम लहान झालं की माल रस्त्यावर राहतो. शिवाय स्नायू जोर लावून आकसतो तेव्हा साखर आत घ्यायचं त्याचं दुसरं दार उघडतं, ज्याला इन्सुलिनची किल्ली लागत नाही. डायबेटीसमध्ये बिघडलेलं असतं ते पहिलं दार. त्यानंतर एक-दोन दिवस स्नायू इन्सुलिनचंही जरा बरं ऐकतात. हा परिणाम साठून राहत नाही, म्हणूनच शुगरवाल्यांनी व्यायामात सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडू देऊ नये असं सांगतात. चालण्याचे आणि ताकदीचे दिवस मिळून हे सहज जमतं.

अपेक्षा मात्र माफक ठेवा. नियमित व्यायामानं तीन महिन्यांची शुगर साधारण अर्धा टक्का उतरते, कुणाची त्याहून कमी. ७.८ ची ६ होणार नाही. आणि उतरली तरी गोळी आपण होऊन बंद करायची नाही. रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जायचं, काय कमी करायचं ते ते ठरवतील.

आता गुडघे. "झीज" हा शब्द मला आवडत नाही. त्यानं माणसाला वाटतं की गुडघा म्हणजे एसटीचा टायर, जितका पळवाल तितका घासणार. टायर स्वतःला दुरुस्त करत नाही, सांधा थोडाफार करतो. कूर्चेला, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेल्या गादीला, रक्तवाहिन्या नसतात; सांध्यावर भार पडतो आणि सुटतो, त्या दाबण्या-सोडण्यातूनच तिचं पोषण होतं. मांडीचा पुढचा स्नायू दुबळा झाला की पाऊल टाकताना बसणारा धक्का सांध्यावर जातो. गुडघेदुखीवर जगभरचे तज्ज्ञ पहिल्या उपायांत मांडी आणि नितंब बळकट करायला सांगतात ते याचसाठी. बेताचा भार गुडघा झिजवत नाही. खरा त्रास होतो तो एकदम वाढवलेल्या भारानं.

५० बैठका हा असा एकदम वाढवलेला भार होता. सवय नसताना केलेल्या कष्टानं स्नायू दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त दुखतात आणि मग उतरतात. त्यात कायमचं नुकसान बहुधा होत नाही. (असल्या दुखण्यानंतर लघवी चहासारखी काळपट झाली तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. कोलेस्टेरॉलची गोळी घेणाऱ्यांनी तर नक्कीच.) त्या पोराला फार दोष देत नाही मी. त्याच्याकडे येणारे बहुतेक विशीतले, घाम आणि अंगदुखी म्हणजेच व्यायाम मानणारे. पण तुमचा आजार, गोळ्या, डोळे, पाय यांच्याबद्दल एकही प्रश्न न विचारता कुणी व्यायाम सांगत असेल, तर तिथली फी भरायची घाई करू नका.

माझी स्वतःचीही एक चूक सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यातूनच आलंय.

शहराच्या पूर्व भागातल्या एक मावशी माझ्याकडे यायच्या, वय ६२. घरात तेलुगू, माझ्याशी सोलापुरी मराठी. जन्मभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळलेल्या. बोटं अशी चपळ की बघत राहावं, आणि मांड्या पार वाळलेल्या. पहिल्या दिवशी म्हणाल्या, "गुडघं दुखूलालेत ते दुखू द्या वो, जमिनीवरनं उठता येईना झालंय तेवढं बघा." शुगर होतीच. आम्ही खुर्चीपासून सुरुवात केली. खुर्चीतूनही हात न लावता उठता येईना, म्हणून बसायच्या जागेवर दोन सोलापुरी चादरी घड्या घालून ठेवल्या. उंची वाढली, उठता आलं. दर दहा-बारा दिवसांनी एक घडी काढायची. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मावशी भलत्याच खुशीत आल्या, म्हणाल्या आज लई बरं वाटतंय. मलाही जोर चढला. दोन्ही चादरी काढल्या, उठाबशा दुप्पट केल्या, वर हातात पाण्याच्या बाटल्या दिल्या. त्यांनी सगळं केलं. त्यानंतर दीड महिना त्या दिसल्या नाहीत.

परत आल्या तेव्हा रागावलेल्या नव्हत्या. उलट ओशाळल्या होत्या, जणू चूक त्यांचीच. दुसऱ्या दिवशी गुडघे सुजले, मग दोन दिवस झोपून, मग घरात लग्न, मग "आता काय तोंड दाखवायचं". वाईट दिवसात काय करायचं हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. चांगल्या दिवसाचा कागद लिहून दिला होता, बाकीच्या दिवसांचा कोराच होता.

जुनाट आजार असलेल्या माणसाचे सगळे दिवस सारखे नसतात. तुमचे महिन्यातले आठ-दहा वाईट दिवस हा काही अपवाद नाही, तो तुमच्या महिन्याचा ठरलेला भाग आहे. म्हणून आता मी कुणालाही व्यायाम लिहून देताना वाईट दिवसाचा आधी लिहिते. तीन मापं असतात: चिमूट, अर्धा आणि पूर्ण. चिमूट म्हणजे खुर्चीतून ५ वेळा उठणं आणि भिंतीवर ५ वेळा रेटणं, बस. तीन मिनिटं लागतात. साडी बदलायची नाही, चटई अंथरायची नाही. अर्धा म्हणजे पुढं दिलेले सगळे प्रकार, पण एकेकच फेरी. पूर्ण म्हणजे दोन फेऱ्या. आज कोणतं माप घ्यायचं ते सकाळी उठल्यावर अंगाला विचारून ठरवायचं. चिमूट घेतलेला दिवसही कॅलेंडरवर खूण करण्याच्या लायकीचा. कमावलेली ताकद टिकवायला ती कमावण्यापेक्षा बरेच कमी कष्ट लागतात. वयस्कर माणसाला तरुणापेक्षा थोडे जास्त, पण तरी कमीच. त्यामुळं दोन आठवडे चिमटीवर निघाले तरी तुम्ही शून्यावर येत नाही.

याची दुसरी बाजू जास्त अवघड आहे. चांगल्या दिवशीही पूर्णाच्या वर जायचं नाही. कितीही हुरूप आला तरी नाही. माझे पेशंट वाईट दिवसामुळं जितके सुटतात, त्याहून जास्त चांगल्या दिवसाच्या उत्साहानं सुटतात.

ताप असेल, जुलाब असतील, जखम चिघळली असेल तर चिमूटही नको, विश्रांतीच. आणि एक आजार असा आहे, ज्यात थोड्याशा श्रमानंही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस अंथरुणाला खिळतो, झोपून उठलं तरी थकवा जात नाही आणि हे महिनोन्महिने चालतं. काहींना कोविडनंतर हे झालंय. त्यांच्यासाठी हळूहळू वाढवत नेण्याचा हा नियम लागू नाही, उलट घातक ठरू शकतो. तुमचं वर्णन तसं वाटत नाही, पण वाचणाऱ्यांत कुणी असेल म्हणून लिहिलं.

तुमच्या त्राण नसण्याचं कारण मात्र आधी शोधा. सगळा दोष इच्छाशक्तीवर टाकू नका. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की बी-१२ कमी होऊ शकतं, हे माहीत असूनही ती तपासणी राहून जाते. हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही बघून घ्या. शिवाय ग्लिमेपिराइडनं शुगर मधूनच खाली जात असेल तर तो दिवस असाच गळाल्यासारखा जातो. पुढच्या वाईट दिवशी बोटाला टोचून शुगर बघा आणि आकडा लिहून ठेवा.

आता प्रत्यक्ष काय करायचं. आठवड्यातले दोन दिवस, मध्ये निदान एक दिवस मोकळा. समजा मंगळवार आणि शुक्रवार. वेळ २०-२५ मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनातही आठवड्यात किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगितलाय, आणि जुनाट आजार असलेल्यांनाही तो तितकाच लागू केलाय. पैसे खर्चायचे असतील तर एक रबरी पट्टा घ्या, नाहीतर घरात सगळं आहे.

पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रकार खुर्चीतून उठणं-बसणं. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, प्लॅस्टिकची हलकी नको. बसण्याची जागा जमिनीपासून दीड फुटाच्या आसपास. जड वाटलं तर चादरीची घडी. पाय खांद्यांइतके फाकवून, टाचा थोड्या मागे, अंग पुढं झुकवून उठायचं. बसताना धपकन पडायचं नाही, मनात तीन मोजत टेकायचं. खरी कमाई त्या सावकाश बसण्यातच आहे. साडीत निऱ्या पायात येतात, त्या दिवशी पंजाबी ड्रेस बरा.

दुसरा, भिंतीवर हात टेकून रेटणं. भिंत सोपी झाली की स्वयंपाकाच्या ओट्यावर. तिसरा, ओढणं: रबरी पट्टा खिडकीच्या गजात अडकवून कोपरं मागं खेचायची. पट्टा नसेल तर टॉवेल. सोलापुरात टॉवेल मागायला कुठं जायची गरज नाही. तो गजातून घालून दोन्ही टोकं धरायची आणि ५ सेकंद ओढून ठेवायचा. हा प्रकार बायका गाळतात आणि नंतर मानदुखी घेऊन माझ्याकडेच येतात.

चौथा, बादली उचलणं. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. येतं त्या दिवशी घरातली बाई कंबरेत वाकून बादल्या, घागरी, पिंपं सगळं एका तासात भरते आणि संध्याकाळी पाठ धरते. वजन उचलणं तुमच्या नशिबात आहेच ताई, जिममध्ये जा नाहीतर जाऊ नका. मग ते शिकून उचला. बादली दोन पायांच्या मध्ये घ्या, पाठ सरळ ठेवून नितंब मागं ढकला, गुडघे थोडे वाकवा आणि जमीन पायानं दाबल्यासारखं करून उठा. सरावाला बादलीत २ लिटर पाणी घाला, म्हणजे २ किलो झालं. वाढवायचं तेव्हा अर्धा लिटरच वाढवा, कधी ते पुढं सांगते. इतका स्वस्त आणि नेमका वजनाचा संच कुठल्या दुकानात मिळत नाही. पायऱ्या, गॅसची टाकी, नातवंडं, सगळ्याला ही एक युक्ती कामी येते.

शेवटी ओट्याला धरून टाचा उचलणं आणि दोन्ही हातांत सारख्या वजनाच्या पिशव्या घेऊन ताठ मानेनं खोलीत फेऱ्या मारणं. तोल सांभाळायला ओट्याशी एका पायावर १० सेकंद उभं राहणं रोजच करा, कुकरच्या शिट्ट्या मोजताना होऊन जातं.

प्रत्येक प्रकार ८ ते १२ वेळा. किती वजन? शेवटच्या दोन वेळा जड गेल्या पाहिजेत, पण थांबलात तेव्हा आणखी दोन-तीन निघाले असते इतका जोर शिल्लक हवा. १२ वेळा सहज जमायला लागलं, आणि ते व्यायामाच्या लागोपाठच्या दोन्ही दिवशी जमलं, की मगच थोडं वाढवायचं. पेलेल त्याच्या जरा पुढं आणि सवय झाली की पुन्हा जरा पुढं, ही पद्धत दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांवर उपचार करताना थॉमस डेलॉर्म या अमेरिकन लष्करी डॉक्टरनं नीट बसवली आणि १९४५ साली मांडली. आपल्याला हे नवं नाही. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वज, म्हणजे उंच जड काठ्या, निघतात, ते पेलणारे भक्त कितीतरी दिवस आधीपासून सराव करतात. संक्रांतीच्या सकाळी उठून थेट नंदीध्वजाला हात घालणारा कुणी पाहिलाय का?

दुखण्याचं माप माझ्या जुन्या पेशंटकडून शिकले. "बारा आणे बरं हाय" म्हणायचे ते, मग मी दुखणंही आण्यांत विचारायला लागले. सहन न होणारं दुखणं म्हणजे रुपया, सोळा आणे. व्यायाम करताना सहा-सात आण्यांपर्यंत गुडघा दुखला तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत तो पूर्वीइतका व्हायला हवा. नाही झाला, किंवा सूज आली, तर पुढच्या वेळी वजन किंवा फेऱ्या कमी. व्यायाम बंद नाही, कमी. हा फरक फार लोक करत नाहीत.

बीपीसाठी एकच नियम, पण तो मोडायचा नाही: श्वास रोखायचा नाही. जोर लावताना दम कोंडला की बीपी क्षणात भलतंच वर जातं. उठताना, रेटताना, उचलताना श्वास सोडा. लक्षात राहत नसेल तर आकडे मोठ्यानं मोजा; बोलणाऱ्याला श्वास कोंडता येत नाही. पूर्व भागातल्या मावशी तेलुगूत मोजायच्या, दवाखाना दणाणायचा. बसल्या जागी बीपी १८०/११० च्या वर असेल त्या दिवशी व्यायाम नाही, डॉक्टरांना फोन. छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, घेरी, नेहमीपेक्षा वेगळा दम, यांतलं काही झालं तर थांबायचं आणि "गॅस असेल" म्हणत घरी बसायचं नाही.

तुमच्या गोळ्यांच्या जोडीतली एक गोष्ट मात्र तुम्हाला माहीत असायलाच हवी. ग्लिमेपिराइडनं शुगर खाली जाऊ शकते, व्यायामानंतर काही तासांनीही. शुगर उतरली की एरवी छातीत धडधडतं, हात थरथरतात, त्यावरून कळतं. मेटोप्रोलॉल नेमकी ही धडधड आणि थरथर दाबतं. घाम मात्र दाबत नाही. म्हणून व्यायामानंतर अचानक दरदरून घाम आला, डोकं चालेनासं झालं, चिडचिड झाली तर लगेच शुगर मोजा. ७० च्या खाली असेल तर ३ चमचे साखर पाण्यात घालून प्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. व्यायामाच्या आधी ती १०० च्या खाली असेल तर एखादं केळं खाऊन सुरू करा. उपाशीपोटी ताकदीचा व्यायाम तुम्ही करू नका. नाश्त्यानंतर तासाभरानं बरा. याच मेटोप्रोलॉलमुळं नाडीचे ठोकेही कमीच दिसतात, त्यामुळं हातातल्या घड्याळावरचा आकडा तुमच्या कामाचा नाही. बोलता येतंय ना, एवढं बघा.

सुरू करण्याआधी दोन गोष्टी करून घ्या. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून पडदा तपासा: शुगरमुळं पडद्यावर नाजूक नव्या रक्तवाहिन्या वाढल्या असतील तर जोराचं वजन त्यांची परवानगी मिळेपर्यंत नाही. आणि पाय बघा. तळव्यांना मुंग्या, बधिरपणा असेल तर अनवाणी व्यायाम नको, आणि रात्री तळव्यावरून हात फिरवून फोड आहे का ते पाहायची सवय लावा.

बाकी आजारांचं थोडक्यात सांगते, कारण विचारणारे बरेच असतात. हाडं ठिसूळ झालेल्यांनी वजन टाळू नये. पण पुढं वाकून पीळ देणं, पाठ गोल करून उचलणं टाळावं. ऑस्ट्रेलियात पाळी गेलेल्या, हाडं विरळ झालेल्या बायकांवर झालेल्या, २०१८ साली छापून आलेल्या अभ्यासात आठवड्यातून दोनदा अर्धा तास, जाणकाराच्या देखरेखीखाली जड वजनं उचलायला लावली होती. आठ महिन्यांत कण्याच्या हाडांची घनता सुमारे ३ टक्के वाढली. देखरेख हा शब्द त्यात महत्त्वाचा. बायपास झालेल्यांनी छातीचं हाड जुळेपर्यंत, साधारण पहिले दोन-तीन महिने, हातांनी जड उचलणं-ढकलणं सर्जनना विचारूनच करावं. डायलिसिसवर असलेल्यांनी फिस्टुलाच्या (डायलिसिससाठी रक्तवाहिन्या जोडलेल्या) हाताला पट्टा आवळून बांधू नये. दम्याच्या आणि फुप्फुसाच्या पेशंटनी दोन फेऱ्यांत जास्त वेळ थांबावं, एवढंच.

"या वयात" म्हणालात म्हणून सांगते. १९९० साली बोस्टनच्या मारिया फियाटारोन या डॉक्टरनं वृद्धाश्रमातल्या १० जणांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावलं. त्यांचं सरासरी वय ९० होतं. पायांची ताकद पहिल्याच्या पावणेतीनपट झाली आणि चालण्याचा वेगही वाढला. पहिल्या दीड-दोन महिन्यांतली ही वाढ बरीचशी नसांची असते; मेंदू असलेल्या स्नायूला नीट हाक मारायला शिकतो. आरशात काही दिसणार नाही. जिना मात्र सांगेल.

खाण्याचं फार लांबवत नाही. कडक भाकरी आणि शेंगाचटणी यांवर आपल्या भागातलं कुणी उपाशी राहत नाही, पण स्नायूंना लागणारं प्रथिन त्यात पुरत नाही. शेंगदाण्यात प्रथिन आहे, पण चमचाभर चटणीत येणार किती? दोन्ही जेवणांत वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ, दिवसात एकदा ताक नको तर दही किंवा दूध, चालत असतील तर २ अंडी. डब्यातली पावडर घेण्याआधी क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासून घ्या, शुगरवाल्यांचं मूत्रपिंड आधीच थकलेलं असू शकतं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४२-४४ वर जातो, तेव्हा सकाळी आठच्या आत उरकायचं किंवा त्या दिवशी चिमूट. सोलापूरच्या उन्हाशी जिद्द करायची नसते.

जिममध्ये परत जावं का? जायचं असेल तर जा, तिथली यंत्रं वाईट नसतात, काही तर बैठकांपेक्षा गुडघ्याला सोपी. फक्त पहिले दोन महिने घरी काढा, म्हणजे कुणी ५० सांगितले तरी "माझे १०" म्हणायला जीभ कचरणार नाही.

त्या विडीवाल्या मावशी पुढं दीड वर्ष येत राहिल्या. त्यातले कितीतरी दिवस चिमटीचे. गुडघे अजून दुखतात, शुगरच्या गोळ्या तेवढ्याच आहेत. पण नातीच्या बारशाला त्या जमिनीवर पंगतीत बसल्या आणि कुणाचा हात न धरता उठल्या. हे सांगायला त्या मुद्दाम दवाखान्यात आल्या होत्या, व्यायामाचा दिवस नसताना.

आज संध्याकाळी एवढंच करा. खुर्ची भिंतीला टेकवा, हात छातीवर दुमडा, घरातल्या कुणालातरी शेजारी उभं करा आणि मोबाइलवर ३० सेकंद लावून किती वेळा पूर्ण उठता ते मोजा. ६० ते ६४ वयाच्या बाईला १२ वेळा जमायला हवं. त्याच्या आत आलं तर वाईट वाटून घेऊ नका, माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या जणी पहिल्या दिवशी आतच असतात. आकडा कॅलेंडरवर तारखेखाली लिहा आणि सहा आठवड्यांनी त्याच खुर्चीवर पुन्हा मोजा. हात टेकल्याशिवाय एकदाही उठता आलं नाही तर आकडा शून्य लिहा आणि दोन चादरींपासून सुरू करा.